बोटीच्या इंजिनाचं ऑइल गळून राहिलं? पाना ठेवा, आधी धुवा

नमस्कार राजेहो. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आला. "भाऊ, बोटीचं इंजिन मागून ऑइल टाकून राहिलं, बॅक सील बदलू का?" आणि त्याच्याच खाली एका पोट्ट्याची कमेंट, "नागपूरला समुद्र कधी आला बे?"

समुद्र नाही आला बाबा. पण रामटेकजवळ खिंडसी आहे, वैनगंगेवर गोसीखुर्द आहे, भंडारा-गोंदियात तर तलावच तलाव. आणि ऑइल सीलला काय कळतं, बाहेरचं पाणी खारं आहे का गोडं?

तर बॅक सील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला क्रँकभोवती ऑइल अडवणारी रबरी रिंग. थांबा जरा. सोप्या गोष्टी पटापट उरकतो. इंजिन बंद, बॅटरीचा स्विच बंद. बोटाला ऑइल लावून बघा. काळं असेल तर इंजिनाचं, लाल असेल तर बहुतेक गिअरबॉक्सचं, पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास, तर डिझेलची लाइन बघा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन चालूच करू नका, आत पाणी गेलं आहे. तो वेगळा विषय.

आता खरी गोष्ट. ऑइल जिथे टपकतं, बहुतेक वेळा तिथून ते गळत नसतं. वरून कुठून तरी निघतं, ब्लॉकला चिकटून खाली येतं आणि जिथे उतार संपतो तिथे थेंब धरतं. बोटीत तर हे हमखास होतं. काहून? कारण पंख्याचा शाफ्ट बोटीतून मागे, खाली पाण्यात जातो, म्हणून बऱ्याच बोटींत इंजिनच मागे कललेलं बसवलेलं असतं. टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून गळलं तरी ऑइल मागे येणार, ऑइल प्रेशरच्या स्विचमधून गळलं तरी मागे येणार, आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे मागच्या जड चाकाच्या घराखालीच टपकणार. आपण म्हणणार, बॅक सील गेला.

म्हणून आधी धुवा. डिझेल आणि ब्रश घ्या, अल्टरनेटर आणि स्टार्टरवर प्लास्टिक बांधा, वरून खालपर्यंत साफ करा, कोरड्या चिंधीने पुसा. एका भाऊने लिहिलं होतं, "पेट्रोलने धुवा, लवकर सुकते." अरे बाबा, नको! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गॅरेजमध्ये दारातून निघून जाते, बोटीत तळाशी बसून राहते. मग स्टार्टरची एक ठिणगी, आणि तुम्ही खिंडसीच्या मधोमध. ही कमेंट वाचून मला भल्ला राग आला होता.

धुऊन झालं की घरातली तोंडाला लावायची पावडर घ्या. हसू नका. जिथे जिथे जोड आहे तिथे फुंकरीने उडवा, पट्ट्यांपासून जरा दूर. इंजिन चालू करा, गरम होऊ द्या. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. ती रेघ खालून वर बघत जायची. जिथे सगळ्यात वर ओलं, तिथे गळती. मागच्या बाजूला डोकं जात नाही ना? मोबाइलचा टॉर्च लावा, व्हिडिओ सुरू करा, हात घाला, मग बाहेर काढून बघा. फक्त इंजिन बंद करून, पट्ट्यांत हात नको.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एक बोट आली होती, मागून टप टप. मी ट्रकच्या इंजिनांवर हात बसलेला माणूस, लगेच निदान केलं, बॅक सील. मे महिना, पत्र्याच्या शेडखाली काम. शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणारं कपलिंग सोडलं, शाफ्ट मागे सरकवला, गिअरबॉक्स उतरवला, डॅम्पर प्लेट, फ्लायव्हील. तीन दिवस. नवीन सील बसवला, सगळं जोडलं, चालू केलं. टप टप. ऑइल प्रेशरचा स्विच पाझरत होता. पान्याच्या दोन फेऱ्यांचं काम! पैसे मागायला तोंड राहिलं नाही.

स्विच बदलताना एक लक्षात ठेवा. एकाच वायरचा असेल तर त्याची अर्थिंग आट्यांतून होते. भरमसाट टेफ्लॉन टेप गुंडाळली की डॅशबोर्डवरचा दिवा लागतच नाही.

फिल्टरखाली ओलं असेल तर जुन्या फिल्टरचं रबर तिथेच चिकटलं आहे का बघा. दोन रबरं एकावर एक आली की गळणारच. आणि सगळीकडूनच ओलं असेल, तर ब्रीदर बघा, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी वाट. ब्रीदर चोंदला की आतला दाब वाट शोधतो, मग कितीही पॅकिंगं बदला.

एवढं करूनही रेघ नसेल आणि ऑइल फ्लायव्हीलच्या घरातूनच येत असेल, तर बॅक सील. तेव्हा खुशाल उतरवा. हा बघा, तेव्हाचाच सील, जपून ठेवला आहे. ही आतली स्प्रिंग दिसते? ही बाजू ऑइलकडे. सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या कडेला ऑइल लावून बसवायचा, कोरडा नाही. आणि क्रँकवर जिथे ओठ घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, नवीन सीलही गळणार. तिथे पातळ स्लीव्ह चढवावी लागते. परत जोडताना कपलिंगची फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी चारही बाजूंनी मोजा, तीही बोट पाण्यात असताना. चार इंची कपलिंगला चार थाऊपेक्षा, म्हणजे इंचाच्या चार हजारांशापेक्षा जास्त फरक नको.

आणि ते सिलिकॉन! टूथपेस्टसारखं थापू नका. बाहेर आलेलं दिसतं, तेवढंच आतही गेलेलं असतं. ते तुटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतं, ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतं, आणि ऑइल वर चढत नाही. टॅपेट कव्हरचे बोल्टही हलक्या हाताने, नाहीतर कव्हर वाकतं.

तळात साचलेलं तेलकट पाणी आधी चिंध्यांनी टिपून घ्या, तोपर्यंत ऑटोमॅटिक पंप बंद ठेवा. नाहीतर तो सगळं तलावात ओततो, आणि तिथे जाळी टाकणारी माणसं आहेत.

ज्या भाऊने बॅक सीलचं विचारलं होतं, त्याने आधी इंजिनाचा फोटो पाठवावा. धुतलेल्या. पावडर लावलेल्या.