घसा बसलेल्या माणसाची गाणी

आधी एक दुरुस्ती. आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगीताचे अभ्यासक’ असं छापलंय. ते कुणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही. मी मालवणच्या बाजारात कॅसेटचं दुकान चालवायचो. ‘येथे कॅसेट भरून मिळतील’ अशी पाटी होती आणि भरून द्यायचो ती मुख्यतः डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजनं आणि दशावतारी नाटकं. त्या धंद्याला कायद्यात काय म्हणतात ते समोर बसलेल्या वकीलसाहेबांनी आज तरी सांगू नये.

टॉम वेट्स हा अमेरिकेतला गायक, आज त्याच्याबद्दल बोलायचंय. तो माझ्याकडे बोटीनं आला. म्हणजे माझा मावसभाऊ बोटीवर होता, त्याच्या बॅगेतून. 1986 चा मे महिना. परदेशी साबण, परफ्यूम आणि एक कॅसेट, ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ नावाची. संध्याकाळी घरी लावली. आई पडवीत रातांबे फोडत बसली होती. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, ‘‘ह्येचो घसो बसलो आसा. ह्येका कोणी आल्याचो काढो दी.’’ चाळीस वर्षं होत आली, या माणसावर बरंच वाचलं, पण यापेक्षा नेमकं काही हाती लागलेलं नाही. मात्र ‘बंद कर’ असं ती म्हणाली नाही. ते लक्षात ठेवा.

माणसाची माहिती थोडक्यात. जन्म 7 डिसेंबर 1949, कॅलिफोर्नियातलं पोमोना. वडील शिक्षक. पुढे सॅन दिएगोजवळ नॅशनल सिटीत वाढला. बाजूला आरमाराचा तळ, खलाशांची वस्ती. पोरवयात तिथल्या एका पिझ्झाच्या हॉटेलात रात्रपाळीला कामाला होता. रात्री उशिरा खायला येणारी माणसं तिथंच त्याला भेटली. तीच पुढे गाण्यांत आली.

आता गंमत ऐका. मी त्याला उलट्या क्रमानं ऐकला. ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ 1978 चा. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी 1973 चा पहिला अल्बम, ‘क्लोजिंग टाइम’, हाती आला आणि मला वाटलं की कॅसेट चुकली. साधा, थोडा झोपाळू, पण स्वच्छ आवाज! त्यातलं ‘मार्था’ हे माझं पहिलं आवडतं गाणं. एक म्हातारा ऑपरेटरला नंबर मागतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रेयसीला फोन लावतो. पैशांची काळजी करू नकोस म्हणतो, नवरा कसा आहे, मुलं कशी आहेत विचारतो, कॉफीला भेटू या म्हणतो. बस. इथल्या पन्नाशीच्या पुढच्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. पोस्टात नंबर बुक करायचा, बाकावर बसून राहायचं, आणि लागला की मागे रांगेत उभ्या असलेल्या चौघांच्या देखत मोठ्यानं बोलायचं. त्या गाण्यात मला ते बाकडं दिसतं. हे गाणं आलं तेव्हा गाणारा 23 वर्षांचा होता. 23 व्या वर्षी चाळीस वर्षांपूर्वीची आठवण!

तेव्हा मला कळलं की हे सोंग आहे. सोंग म्हणजे खोटेपणा, असं घाटावर म्हणत असतील. आपल्याकडे सोंग म्हणजे काय ते जत्रेत रात्र काढलेल्या माणसाला सांगायला नको. दुपारी टेम्पोतून ट्रंक उतरवणारा गडी रात्री स्वतःच्या हातानं तोंड रंगवतो, लुगडं नेसतो, आणि द्रौपदी होतो. पाठांतर नाही, हातात वही नाही, जे सुचेल ते बोलायचं, पहाट होईपर्यंत. सीझन संपत येतो तेव्हा त्याचा आवाज फाटलेला असतो. आणि त्या फाटक्या आवाजातल्या विलापाला बायका डोळे पुसतात, गोड आवाजाच्या नाही. मी दोन्ही भरून विकलेत, खपाचे आकडे मला माहीत आहेत.

वेट्सनं पंचविशीच्या आसपास तो आवाज अंगावर घेतला. 1976 च्या ‘स्मॉल चेंज’मध्ये एकदम जाझवाल्या लुई आर्मस्ट्राँगची आठवण यावी इतका घोगरा. त्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याला, ‘टॉम ट्रॉबर्ट्स ब्लूज’ला, मी तासभर देऊ शकतो, पण देत नाही. परक्या गावात दारूत बुडालेला, खिशात पैसे नसलेला माणूस. धृपदाला त्यानं ‘वॉल्ट्झिंग मटिल्डा’ हे ऑस्ट्रेलियाचं गाणं घेतलंय, त्यातली मटिल्डा बाई नव्हे, पाठीवरची वळकटी. वळकटीबरोबर नाचत फिरणं म्हणजे वणवण करणं. मागे जेरी येस्टरनं बसवलेली व्हायोलिनं इतकी गुळगुळीत आहेत की पुढचा आवाज आणखी खरबरीत लागतो. ते मुद्दाम केलंय. इथं फणसाची उपमा सगळेच देतात, मी देणार नाही.

समुद्राचं गाणं हवं असेल तर 1974 चं ‘शिव्हर मी टिंबर्स’. घरदार सोडून बोटीवर निघालेला माणूस, एवढंच. मावसभावाला ऐकवलं तर म्हणाला, निघताना असं काही वाटत नाही, निघताना कागदपत्रं सापडत नसतात. असेल. पण गाणं संपल्यावर त्यानं परत लावायला सांगितलं.

‘स्टेप राइट अप’ हे गाणं नव्हेच, आरोळी आहे. सगळं स्वस्त, सगळं करतो, डाग काढतो, कर्ज फेडतो, घ्या घ्या. बंदरावर सकाळी लिलाव ऐकलेल्याला इंग्रजी येत नसलं तरी ते कळेल, फक्त लिलावात निदान मासळी तरी असते. विकणाऱ्यांची ही टिंगल. आणि तिचंच काय झालं पाहा. 1988 मध्ये फ्रिटो-ले या वेफर्सवाल्या कंपनीनं डोरिटोजच्या रेडिओ जाहिरातीत हुबेहूब वेट्ससारखा गाणारा नकल्या उभा केला, याच गाण्याच्या ढंगात. वेट्स स्वतः जाहिराती करत नाही. तो कोर्टात गेला. ज्यूरीनं 1990 मध्ये त्याच्या बाजूनं कौल दिला, 1992 मध्ये वरच्या कोर्टानं तो मुख्यतः कायम ठेवला, आणि वीस लाख डॉलरांहून जास्त रक्कम कंपनीला मोजावी लागली. चाल चोरली असा दावाच नव्हता. आवाज चोरला, असा होता. म्हणजे अंगावर घेतलेलं सोंगही शेवटी माणसाच्या मालकीचं होतं, हे कोर्टानं मानलं. आल्याचा काढा घेतला असता तर वीस लाख डॉलर गेले असते.

1980 मध्ये त्यानं कॅथलीन ब्रेननशी लग्न केलं आणि गाणं पार बदललं. पुढे कितीतरी गाण्यांवर दोघांची नावं आहेत. 1983 च्या ‘स्वोर्डफिशट्रोम्बोन्स’पासून बारमधला पियानो मागे पडला आणि लाकडी पट्ट्यांचा मारिम्बा, अ‍ॅकॉर्डियन, भंगार वाटावं असलं काहीबाही आलं. ड्रम मनासारखा वाजेना तर बाथरूममधल्या खणांच्या कपाटावर फळीनं ठोकायचे, असं त्यानंच सांगितलंय. आणि 1987 च्या ‘फ्रँक्स वाइल्ड इयर्स’मध्ये चक्क पायपेटी! भाता पायानं हलवायचा, तीच आपली. दशावतारात मृदंग आणि झांजेच्या मधे ती धापा टाकत असते, तशीच तिथंही धापा टाकते. ‘इनोसंट व्हेन यू ड्रीम’ ऐका. तो अल्बम मी दुकानात लावला होता तेव्हा पार्सेकर, मोचेमाडकर या दशावतारी मंडळींच्या कॅसेटी घ्यायला आलेला एक पेटीवाला उभा राहिला आणि विचारलं, ह्यो खंयचो? अमेरिकेचा म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

1985 चा ‘रेन डॉग्ज’ बहुतेकांचा लाडका. नावाचा अर्थ त्यानं असा सांगितला आहे: जोराचा पाऊस पडला की कुत्र्यांनी ठेवलेले वास धुऊन जातात, आणि त्यांना घरची वाट सापडत नाही. जूनमध्ये एसटी स्टँडच्या छपराखाली एरवी न दिसणारी कुत्री जमतात. मला वाटायचं, ती फक्त पावसाला येतात. आता तसं वाटत नाही. त्यातलं ‘डाउनटाउन ट्रेन’ रॉड स्टुअर्टनं नंतर गाऊन मोठं गाजवलं. छान गायलंय. धुतलेल्या कपड्यासारखं. मला त्यातलं ‘टाइम’ जास्त प्रिय, पण त्याबद्दल बोलायला गेलो की मी रटाळ होतो, असं घरी सांगण्यात आलं आहे.

1992 चा ‘बोन मशीन’ आणि 1999 चा ‘म्यूल व्हेरिएशन्स’, दोन्ही अल्बमना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्यातलं ‘कम ऑन अप टु द हाउस’ मला आपल्या देवापुढच्या गाऱ्हाण्यासारखं वाटतं, ‘व्हय म्हाराजा’ म्हणावंसं. 2004 च्या ‘रिअल गॉन’मध्ये पियानोच नाही, ते मला जमलं नाही. प्रयत्न केला.

आता शेवटचं. माझ्या त्या पहिल्या कॅसेटवर ‘केंटकी अ‍ॅव्हेन्यू’ नावाचं गाणं होतं. पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसायचं, मी बटण मागे-पुढे करून शब्द लावत बसायचो. ऑगस्टपर्यंत लागले. अर्धं गाणं एका पोराच्या बढाया: गल्लीतली खाष्ट म्हातारी, अर्धं सिगारेटचं पाकीट, झाडावर चढणं. आपल्याला वाटतं, उनाड पोर आहे, दुसऱ्या उनाड पोराशी बोलतंय. आणि मग ते सांगतं: तुझ्या चाकांच्या खुर्चीच्या तारा काढीन, एका पाखराचे पंख आणीन, तुझ्या खांद्यांना बांधीन. बापाची करवत चोरीन, तुझ्या पायांच्या पट्ट्या कापीन, आणि रात्री शेतात पुरून टाकू. मग दोघं पळून जाऊ. तोवर मागे पियानो आणि व्हायोलिनं वर चढत जातात आणि हा घसा बसलेला माणूस दहा वर्षांचा होतो. लहानपणी तो त्याच नावाच्या रस्त्यावर राहायचा आणि त्याचा एक मित्र पोलिओनं अधू होता.

आमच्या वर्गात एक होता, पायाला पट्ट्यांचा कॅलिपर लावलेला. नाव घेत नाही, तो आज समोर बसलेला असू शकतो. आम्ही त्याला कॅरमला घ्यायचो, पण रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढायला किनाऱ्यावर गेलो की त्याला चपला सांभाळायला ठेवायचो. करवतीचं आम्हाला सुचलं नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये एका रात्री हे गाणं लागलं होतं. आई तांदूळ निवडत होती. ‘‘काय म्हणता तो?’’ तिनं विचारलं. मी जमेल तसं मालवणीत सांगितलं, पंख, करवत, सगळं. ती थोडा वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘‘मगे त्या झिलाचां काय झालां?’’

मी म्हटलं, गाणं तिथंच संपतं.

‘‘असां कसां संपता?’’

पाच मिनिटांच्या आतलं आहे. लावतो. मागचे दिवे घालवा कुणीतरी.