होडीच्या बॅटरीचा कट-ऑफ

श्रोतेहो, नमस्कार. पैठणचा नाथसागर, नांदेडची विष्णुपुरी, येलदरी, माजलगाव अशा आपल्या जलाशयांवर जे इंजिनाची होडी किंवा लाँच चालवतात आणि जे त्यांना वायरिंग करून देतात, त्यांच्यासाठी आजचे भाषण आहे. बॅटरी आणि होडीतील बाकीची वायरिंग यांच्यामध्ये जो मेन स्विच बसतो, ज्याला आपण कट-ऑफ म्हणतो, तो पारखून कसा घ्यावा, एवढाच आजचा विषय आहे.

घरातला मेन स्विच सर्वांना ठाऊक आहे, म्हणून एक फरक आधीच सांगतो. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना उठलेली ठिणगी तेथेच विझते. बॅटरीचा प्रवाह मात्र कधीच शून्यावर येत नाही, आणि म्हणून तीच ठिणगी लांबत जाऊन संपर्काची धातू जाळते. घरच्या बोर्डातला एमसीबी काढून होडीत बसवलेला मी पाहिला आहे. तो तेथे चालत नाही. पुन्हा सांगतो, घरच्या विजेसाठी बनवलेला स्विच बॅटरीच्या मुख्य तारेवर लावू नये.

आता नाथसागरावरची एक हकीकत ऐका. ज्यांना हा विषय समजावून सांगायचा असतो त्यांना मी प्रथम हीच सांगतो. पैठणकडच्या काठावर मासळी आणि जाळी वाहून नेणारी एक डिझेल लाँच होती. सकाळी सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज येई आणि इंजिन फिरत नसे. मालकाने नवी बॅटरी आणली. काही दिवस लाँच चालली आणि पुन्हा तोच आवाज येऊ लागला. मग सेल्फची मोटर उतरवून वाइंडिंग करून आणली, त्यानंतर जाड तार बदलली. प्रत्येक वेळी थोडे बरे वाटे, कारण प्रत्येक दुरुस्तीत कोठेतरी थोडासा व्होल्टेज वाचत होता, पण मूळ दुखणे तसेच राहत होते. एके संध्याकाळी ती लाँच भर पाण्यात बंद पडली. नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा आहे. तेथे वारा सुटला की लाटा उठतात आणि बंद इंजिनाची होडी वारा नेईल तिकडे जाते. दुसऱ्या होडीने दोर लावून तिला काठावर आणले, म्हणून माणसे सुखरूप परतली.

दुसऱ्या दिवशी पैठणच्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मालक म्हणाला, "मामा, बॅटरी तपासा, पुन्हा बसली वाटतं." मिस्त्रींनी मल्टिमीटर लावला, तर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. मग त्यांनी मल्टिमीटरच्या दोन्ही सुया बॅटरीवरून काढून कट-ऑफच्या दोन बोल्टांवर टेकवल्या. कट-ऑफ चालू होता आणि काटा शून्यावर होता, म्हणजे वरवर पाहता सर्व ठीक होते. "आता सेल्फ मार," असे त्यांनी पोराला सांगितले. पोराने किल्ली फिरवली आणि काटा अडीच-तीन व्होल्टांवर चढला. मिस्त्री म्हणाले, "बघा भाऊ, तुमची वीज इथंच खर्च होते. सेल्फपर्यंत जातच नाही." त्यांनी कट-ऑफवर हात ठेवायला सांगितले, तेव्हा तो चांगलाच तापलेला होता. मग पिशवीतून त्यांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून कट-ऑफच्या बोल्टाजवळ नेला, आणि तो टचकन चिकटला. बाहेरून तांब्यासारखा दिसणारा तो बोल्ट आतून लोखंडाचा होता. वरचा पातळ मुलामा झिजला होता आणि आत गंज धरला होता. नवा, दर्जेदार कट-ऑफ बसवल्यावर तीच बॅटरी आणि तीच मोटर पहिल्या किल्लीला फिरली.

यामागचा हिशेब छोटा आहे. सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल आणि संपर्कात केवळ एक सहस्रांश ओहम रोध असेल, तरी तेथे ४० वॉट उष्णता तयार होते. रोध दहापट झाला की उष्णता ४०० वॉट होते आणि दोन व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर भार नसताना हा दोष दिसत नाही, सेल्फ मारतानाच दिसतो. पुन्हा सांगतो, मोजमाप सेल्फ मारतानाच घ्यावे. माझे ठाम मत आहे की मच्छीमारांच्या प्रत्येक सोसायटीने जाळ्यांबरोबर एक साधा मल्टिमीटरही घेऊन ठेवला पाहिजे. त्याची किंमत एका नव्या बॅटरीच्या तुलनेत अगदी किरकोळ असते.

खरेदी करताना मिस्त्रींचा लोहचुंबक खिशात ठेवावा. बोल्ट कथील चढवलेल्या तांब्याचे हवेत. लोहचुंबक चिकटला तर तो कट-ऑफ घेऊ नये. मात्र जस्ताच्या ओतीव धातूलाही चुंबक चिकटत नाही, म्हणून केवळ चुंबकावर विसंबू नये, छापील आकडेही वाचावेत. सतत किती अँपिअर चालतील आणि सेल्फ मारताना थोडा वेळ किती चालतील, हे दोन आकडे वेगवेगळे असतात. दुकानदार बहुधा मोठा आकडा सांगतो, आपण सततचा विचारावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि इंजिनाच्या बंद खोक्यात त्याहूनही अधिक तापते, म्हणून गरजेपेक्षा बराच मोठा कट-ऑफ घ्यावा. पेट्रोलचे इंजिन किंवा टाकी त्याच खोक्यात असेल, तर आयएसओ ८८४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठिणगी बाहेर न पडणारा, म्हणजे इग्निशन प्रोटेक्टेड असे लिहिलेलाच कट-ऑफ हवा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो ठिणगीने पेटतो, म्हणून बॅटरीच्या खोक्याला वर झरोकाही ठेवावा.

बसवताना तो धन तारेवर, बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका, पण अंधारातही हात पोहोचेल असा बसवावा. तारेचे लग, म्हणजे तिच्या टोकाला बसवलेली धातूची कडी, थेट बोल्टाच्या बुडाशी टेकले पाहिजे, वॉशर त्याच्या वर यावा. खाली वॉशर आला तर सगळा प्रवाह त्याच्यातून जातो. कट-ऑफ हा फ्यूज नव्हे, त्यामुळे फ्यूज वेगळा लागतोच. इंजिन चालू असताना कट-ऑफ कधीही बंद करू नये, कारण तसे केल्यास अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, डायोड उडू शकतात. पुन्हा सांगतो, आधी इंजिन, मग कट-ऑफ. होडीच्या तळातले पाणी उपसणारा आपोआप चालणारा पंप असेल, तर त्याची तार मात्र कट-ऑफच्या आधीच, बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज लावून घ्यावी, म्हणजे कट-ऑफ बंद करून आपण घरी गेलो तरी रात्रीच्या पावसात पंप चालू राहील. नमस्कार.