छोट्याशा ब्रेकनंतर

(दृश्य : शाळेचे मैदान, दुपार. ओबी व्हॅन फाटकातून उलटी आत येत आहे.)

नोव्हेंबर २०२४ मधली ही दुपार आहे. विधानसभेच्या मतदानाला जेमतेम आठवडा उरला आहे, दिवाळी नुकतीच सरली आहे आणि मैदानालगतच्या गॅलऱ्यांमधले आकाशकंदील अजून कोणी उतरवलेले नाहीत. एका मराठी वृत्तवाहिनीची ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, फाटकातून मागे घेतली जात असून तिला दिशा दाखवण्यासाठी शाळेच्या शिपायासह सहा जण एकाच वेळी हात हलवीत आहेत. चालक त्यांपैकी कोणाकडेही पाहत नाही.

संध्याकाळी या मैदानावर चार पक्षांचे शहराध्यक्ष एका मंचावर बसणार आहेत आणि त्यांची चर्चा थेट प्रक्षेपित होणार आहे. वडगाव शेरीपासून खडकवासल्यापर्यंत पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. त्या आठांना मिळून ही दीड तासाची चर्चा, आणि जाहिराती वजा केल्या तर तासाभराची. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीवर निवडणूकविषयक काही दाखवण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ मनाई करते, त्यामुळे वाहिन्यांची सारी लगबग त्याच्या आधीच्या आठवड्यात दाटलेली असते.

(दृश्य : खुर्च्यांच्या रांगा. पाठीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या जात आहेत.)

मांडववाल्याने तीनशे खुर्च्या उतरवल्या आहेत. प्रत्येक पक्षाला पन्नास पास दिलेले आहेत आणि उरलेल्या शंभर खुर्च्यांवर ‘नागरिक’ अशी चिठ्ठी आहे. पाच वाजेपर्यंत पक्षांच्या खुर्च्या भरतात आणि त्यानंतर नागरिकांच्या खुर्च्या भरू लागतात. त्या कशा भरतात हे पाहण्यासारखे आहे. उजवीकडून येणारे हे तीन तरुण मांडवाच्या खांबाआड थांबतात, गळ्यातली उपरणी काढून खिशात कोंबतात आणि नागरिक होऊन तिसऱ्या रांगेत बसतात. मधल्याच्या खिशातून उपरण्याचे टोक पूर्ण कार्यक्रमभर बाहेर डोकावत राहिले.

ब्रिटनमध्ये पक्षनेत्यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा १५ एप्रिल २०१० रोजी मँचेस्टरला झाली, तेव्हा पक्ष आणि वाहिन्यांनी मिळून ७६ नियम ठरवले होते आणि चर्चा चालू असताना प्रेक्षकांनी टाळ्या वाजवू नयेत असा त्यांतला एक होता. आपल्याकडे टाळ्या कोणी, कधी आणि किती वेळ वाजवाव्यात याची तालीम साडेपाचला घेतली जाते. ‘अजून जोर लावा, तुम्ही पुणेकर आहात,’ असे सांगणारी ही तरुणी वाहिनीची समन्वयक आहे. पुणेकर असण्याचा आणि टाळ्या जोरात वाजवण्याचा संबंध तिने कोठून लावला हे कळायला मार्ग नाही, कारण या शहराची ख्याती नेमकी उलट आहे.

(दृश्य : ध्वनिमिश्रणाचे टेबल. फक्त बोटे आणि सरकते खटके.)

या चर्चेत कोण किती बोलतो हे मंचावर ठरत नाही, ते या टेबलावर ठरते. येथे सहा फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करणारे सरकते खटके, वापरात आहेत. चार शहराध्यक्षांच्या कॉलर माईकचे चार, पाचवा सूत्रसंचालकाचा आणि सहावा प्रेक्षकांत फिरणाऱ्या हातातल्या माईकचा. प्रत्येक फेडरखाली पांढरी चिकटपट्टी असून तिच्यावर बॉलपेनने पक्षाचे नाव लिहिलेले आहे. सहाव्याखाली ‘पब्लिक’ एवढेच लिहिले आहे. चौघे एकदम बोलू लागले की प्रत्येकाच्या कॉलर माईकमध्ये शेजाऱ्याचाही आवाज शिरतो, चार आवाजांचा मिळून एक गलका होतो आणि घरी बसलेल्या माणसाला त्यातला एकही शब्द धड लागत नाही. अशा वेळी हे ध्वनितंत्रज्ञ चौघांना किंचित खाली घेतात आणि सूत्रसंचालकाला वर चढवतात. गलका मात्र पूर्ण बंद करायचा नाही, अशी सूचना त्यांच्या कानातल्या टॉकबॅकवरून, म्हणजे नियंत्रण कक्षाशी जोडलेल्या श्रवणयंत्रावरून, येते, कारण गलका थांबला की पाहणारा चॅनेल बदलतो अशी नियंत्रण कक्षाची ठाम समजूत आहे.

सहावा फेडर तळाशी असतो. तो वर जाण्यासाठीही टॉकबॅकवरूनच आज्ञा यावी लागते. या बोटांवर आम्ही सलग तेरा मिनिटे कॅमेरा रोखून धरला होता, आणि त्या तेरा मिनिटांत सहावा फेडर एकदाही हलला नाही.

(दृश्य : मंच. निवेदन थांबते. चौघांचे एकत्र बोलणे वीस सेकंद तसेच ऐकू द्यावे.)

(दृश्य : सदाशिव पेठेतील वाड्याची माडी. दूरचित्रवाणीसमोर आजोबा आणि नात.)

याच वेळी सदाशिव पेठेतल्या या माडीवर एक आजोबा डोळे मिटून दूरचित्रवाणी ऐकत आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेला ते वर्षानुवर्षे जात आले आहेत, आणि वक्ता ऐकायचा असतो, पाहायचा नसतो, हे त्यांचे मत त्यांनी पडद्यापुढेही सोडलेले नाही. शेजारी त्यांची नात पुठ्ठ्यावर कागद लावून बसली आहे. ती महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत भाग घेते, आणि परीक्षकांच्या गुणपत्रिकेसारखेच चार रकाने तिने आखले आहेत : मुद्द्यांची मांडणी, भाषा, खंडन आणि वेळेचे भान. पाऊण तासानंतर तीन रकान्यांत आकडे आहेत आणि खंडनाचा रकाना चारही नावांपुढे कोरा आहे.

‘आजोबा, खंडनाला काय देऊ? शून्य बरं दिसत नाही.’

‘कोणी कोणाचं ऐकलं असेल तर खंडन करील ना, बाळ. कोरंच ठेव.’

(दृश्य : मंडईजवळचे अमृततुल्य. भिंतीवर दूरचित्रवाणी संच, खाली पितळी पातेले.)

मंडईजवळच्या या अमृततुल्यात आवाज बंद आहे, केवळ चित्र चालू आहे, आणि तरीही सर्वांत बारीक प्रेक्षक येथेच भेटले. गाळा बंद करून चहाला आलेल्या एका भाजीविक्रेत्याने तिसऱ्या रांगेतला माणूस पडद्यावर दिसताच ओळखला. ‘हा आमच्या गल्लीतला. सकाळी वेगळ्याच पक्षाच्या पदयात्रेत होता, आता यांच्यासाठी टाळ्या वाजवतोय,’ असे त्यांनी सांगितले, आणि त्यानंतर अर्धा तास दुकानातला प्रत्येक जण मंचाकडे न पाहता प्रेक्षकांतले ओळखीचे चेहरे शोधत राहिला. कोण जिंकतो आहे असे आम्ही विचारले तेव्हा चहा गाळणाऱ्या मालकांनी मान वर न करता ‘अँकर’ एवढेच उत्तर दिले.

शहराध्यक्ष येतात, मोठे नेते समोरासमोर का बसत नाहीत, हा प्रश्नही येथेच निघाला. मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या प्रचारात, निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर आणि ए. पी. शहा व पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे लेखी निमंत्रण दिले होते. गांधींनी ते स्वीकारले, भाजपने आपल्या युवा मोर्चाच्या एका पदाधिकाऱ्याचे नाव पुढे केले आणि चर्चा झालीच नाही. देशाच्या पातळीवर जे घडत नाही त्याची हौस मग अशा मैदानांवर भागवली जाते.

(दृश्य : फर्ग्युसन रस्ता. लॅपटॉपभोवती पत्रकारितेचे विद्यार्थी.)

हे विद्यार्थी चर्चा पाहता पाहता १९६० मधल्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या दूरचित्रवाणी चर्चेतला केनेडी आणि निक्सन यांचा किस्सा एकमेकांना सांगत आहेत : रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी. किस्सा फार गोड आहे, परंतु त्याला आधार असलेल्या पाहणीत रेडिओ श्रोते फार थोडे होते. आवाज आणि चित्र यांतून दोन वेगळ्या चर्चा तयार होतात, एवढे मात्र आम्ही त्या संध्याकाळी सदाशिव पेठेत आणि मंडईत स्वतः पाहिले.

(दृश्य : सिंहगड रस्त्यावरील गृहसंकुल, रात्र. दिवे लागलेल्या खिडक्या.)

या इमारतींमध्ये कोणाकडे डीटीएच आहे, कोणाकडे केबल आणि पुष्कळांकडे मोबाईलवर यूट्यूब. सर्व ठिकाणी प्रक्षेपण ‘थेट’ असले तरी ते एकाच क्षणी पोहोचत नाही. इंटरनेटवरचे चित्र मागाहून येते. त्यामुळे एकाच वाक्यावरचा हशा आधी दुसऱ्या मजल्यावरून ऐकू येतो, मग समोरच्या विंगेतून आणि सर्वांत शेवटी पार्किंगमध्ये मोबाईलभोवती जमलेल्या पोरांमधून. पोरांनी त्यावर स्वतःचा खेळ शोधला आहे. वरून हसण्याचा आवाज आला की पुढचे वाक्य काय असेल यावर ती पैज लावतात.

या पार्किंगमधल्या मंडळींना आज चर्चेची खास उत्सुकता होती, कारण त्यांच्यापैकी एक ताई मैदानावर ‘नागरिक’ चिठ्ठीच्या खुर्चीत बसलेल्या होत्या.

(दृश्य : मैदान. हातात वहीचा कागद घेतलेली स्त्री उभी राहते.)

त्या एकतानगरी परिसरातून आलेल्या आहेत. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसात खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत विसर्ग वाढवण्यात आला, पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरले आणि लोकांना बाहेर काढण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. एरवी असा प्रश्न नगरसेवकाच्या दारात जातो. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यापासून शहराला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. म्हणून नाला, विसर्ग, सीमाभिंत हे सारे प्रश्न विधानसभेच्या चर्चेत येऊन उभे राहिले होते. या मैदानावर प्रश्न विचारण्यासाठी हात वर केलेल्या माणसांशी आम्ही आधी बोललो होतो, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर राज्याच्या सत्तेपेक्षा स्वतःच्या गल्लीतले पाणीच अधिक होते.

ताईंनी प्रश्न वहीच्या कागदावर लिहून आणला आहे. तो तीन वाक्यांचा आहे. पाणी सोडण्याचा निरोप आमच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणत्या पदावरच्या माणसाची आहे, पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती लेखी ठरेल का, आणि आमच्या नुकसानीचे पुढे काय झाले. माईक हातात येतो. आता टेबलावरची बोटे पाहा : सहावा फेडर पहिल्यांदाच वर सरकतो.

पहिले वाक्य पूर्ण होते. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर डावीकडचे शहराध्यक्ष, महापालिकेत प्रशासक कोणामुळे आला हे आधी यांनी सांगावे, असे म्हणत उजवीकडच्यांकडे बोट दाखवतात, उजवीकडचे उठून उभे राहतात, चार फेडर वर जातात आणि सहावा खाली येतो. ताई बोलतच आहेत, त्यांचे ओठ हलताना दिसतात. नंतर सूत्रसंचालक कॅमेऱ्याकडे वळून छोट्याशा ब्रेकनंतर परत येण्याचे आश्वासन देतात.

(दृश्य : जाहिरातींच्या वेळचे मैदान. निवेदन नाही.)

ब्रेकनंतर विषय मेट्रोचा होता.

पार्किंगमध्ये यावर जे घडले ते दोनदा घडले. वरच्या मजल्यांवरून ‘अरे बोलू द्या की त्यांना’ असा ओरडा आला तेव्हा मोबाईलवर ताई अजून पहिलेच वाक्य वाचत होत्या. काय होणार आहे हे पोरांना आधीच कळलेले होते, आणि या वेळी कोणी पैज लावली नाही.

रात्री साडेदहापर्यंत त्या चर्चेच्या क्लिपा व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. चारही पक्षांनी आपापला शहराध्यक्ष विजयी ठरवला होता आणि प्रत्येक क्लिपमध्ये समोरचा नेमका निरुत्तर झालेल्या क्षणी कापलेला होता. ताईंचे पहिले वाक्य दोन परस्परविरोधी क्लिपांमध्ये वापरले गेले. दुसरे आणि तिसरे कोणाकडेच नव्हते. चर्चेतल्या विजयाचा मतांशी किती संबंध असतो हे ब्रिटनने २०१० मध्येच पाहिले आहे : पहिल्या चर्चेनंतरच्या झटपट जनमत चाचण्यांत लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग सर्वांच्या पुढे होते, आणि मतमोजणीत त्यांच्या पक्षाच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या.

पुण्यात २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि २३ तारखेला निकाल लागला.

(दृश्य : एकतानगरी परिसर, तळमजल्याचे पार्किंग. भिंतीवर पाण्याची रेघ. कॅमेरा रेघेवरून आडवा सरकत जातो.)

ताईंनी तो कागद आम्हाला वाचून दाखवला, तिन्ही वाक्ये, न थांबता. त्याला अठरा सेकंद लागले.

(दृश्य : कागद वाचणाऱ्या ताई, अठरा सेकंद, एकच शॉट. त्यानंतर मैदान, रात्र.)

मैदानावर एलईडी पडदा उतरवला गेला आहे आणि मांडववाल्याची माणसे खुर्च्या एकात एक घालून मोजत आहेत. दोनशे अठ्ठ्याण्णव भरतात. दोन खुर्च्या कोणी नेल्या यावरून मांडववाला आणि वाहिनीची समन्वयक यांच्यात जो वाद चालला आहे, त्यात दोघेही एकमेकांचे पूर्ण ऐकून घेऊन मगच उत्तर देत आहेत.