फुगलेल्या बॅटरीच्या आत काय घडते?

[दृश्य: महात्मा गांधी रस्ता, नाशिक. भर दुपार. मोबाईल दुरुस्तीचे दुकान, काउंटरवर उघडलेले फोन.]

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत उन्हाळ्यात एक तक्रार ऐकू येते. फोन पडला नाही, पाण्यात गेला नाही, तरीही डिस्प्ले एका कडेने उचलला गेला आहे. ग्राहकाला वाटते की गम सुटला असावा आणि थोड्या वेळात तो पुन्हा चिकटवून मिळेल. अनुभवी कारागीर मात्र डिस्प्लेला हात लावण्याआधी फोन आडवा धरतो आणि त्याची कड डोळ्यांच्या रेषेत आणून पाहतो, कारण डिस्प्लेला आतून वर ढकलणारी वस्तू बहुतेक वेळा बॅटरी असते.

ज्यांनी काढता येणाऱ्या बॅटरीचे फोन वापरले आहेत, त्यांना ही तपासणी निराळ्या प्रकारे करण्याची सवय होती. बॅटरी बाहेर काढायची, काउंटरच्या काचेवर ठेवायची आणि बोटाने फिरवायची. सपाट बॅटरी जागीच अडते, तर मधोमध फुगलेली बॅटरी सहज गरगर फिरते. ऑगस्ट 2007 मध्ये नोकियाने बीएल-5सी या बॅटरीबाबत जगभर सूचना काढली होती. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी अति तापण्याची शक्यता त्यामागे होती, आणि तेव्हा भारतातही लोकांनी मागचे झाकण उघडून बॅटरीवरचे क्रमांक तपासले होते. आजच्या फोनला असे झाकण नाही. बॅटरी आत चिकटवलेली असते आणि तिच्यातला बिघाड बाहेरून दिसू लागतो, तोवर आत बरेच काही घडून गेलेले असते.

[दृश्य: सेलच्या अंतर्भागाचे रेखाचित्र. एकेक थर क्रमाने उलगडतो.]

फोनच्या बॅटरीतील लिथियम-आयन सेल म्हणजे तीन पातळ पट्ट्यांची घट्ट गुंडाळी किंवा चळत असते. तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप दिलेला असतो, तो ऋण ध्रुव. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा लेप असतो, तो धन ध्रुव. या दोहोंच्या मध्ये सूक्ष्म छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो, ज्याची जाडी माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. हे सर्व एका बंद पिशवीत, एका द्रवात भिजलेले असते. इथिलीन कार्बोनेट आणि त्याच जातीच्या इतर सेंद्रिय द्रावकांत लिथियमचे क्षार विरघळवून हा द्रव तयार करतात आणि त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, या द्रवातून ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना ते परत धन ध्रुवाकडे येतात. या रचनेची व्यापारी बॅटरी सोनी कंपनीने 1991 मध्ये प्रथम बाजारात आणली, आणि तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या द्रवाचा एक स्वभाव समजून घेतला, तर बॅटरी का फुगते याचा बराचसा उलगडा होतो. पूर्ण चार्ज झालेल्या ग्रॅफाइटच्या सान्निध्यात हा द्रव रासायनिकदृष्ट्या स्थिर राहू शकत नाही. तो विघटन पावतो आणि त्यातून इथिलीनसारखे वायू बाहेर पडतात. कारखान्यात सेल पहिल्यांदा चार्ज केला जातो, तेव्हाच हे घडते. तेथे ते अपेक्षित असते आणि हवेही असते, कारण विघटनातून उरलेल्या घन पदार्थांचा एक अतिशय पातळ थर ग्रॅफाइटवर जमतो आणि तोच पुढे उरलेल्या द्रवाला ग्रॅफाइटपासून दूर ठेवतो. पहिल्या चार्जिंगचा वायू काढून टाकल्यावर सेलची पिशवी कायमची सीलबंद केली जाते.

पुढे फोनमध्ये बॅटरीचे आयुष्य किती, हे बरेचसे त्या संरक्षक थरावर अवलंबून असते. बॅटरी चार्ज होताना ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के प्रसरण पावते आणि उतरताना आकुंचन पावते. रोजच्या या हालचालीत थराला बारीक तडे जातात, त्या जागी नवा द्रव ग्रॅफाइटला भिडतो, पुन्हा विघटन होते, पुन्हा थोडा वायू आणि थोडा नवा थर तयार होतो. दुसऱ्या बाजूला धन ध्रुवावर उच्च व्होल्टेजमुळे याच द्रवाचे ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतात. पिशवीला बाहेर जाण्याची वाट नसते. बंद पिशवीतले दही उन्हात आंबले की पिशवी टम्म होते, तसेच येथे होते. फरक इतकाच की येथे जिवाणू नसतात, शुद्ध रसायनशास्त्र असते, आणि आत साठलेल्या वायूंपैकी काही पेट घेणारे असतात.

म्हणजे थोडा वायू प्रत्येक लिथियम-आयन बॅटरीत वयानुसार तयार होतच असतो. चार वर्षे वापरलेल्या फोनची बॅटरी किंचित जाड झाली, तर त्यात कोणाचा दोष शोधण्याची गरज नाही. खरा प्रश्न असा आहे की काही बॅटऱ्या वर्षाच्या आत का फुगतात.

[दृश्य: द्वारका चौक, मे महिना. दुचाकीच्या हँडलवर फोन, त्यावर नकाशा सुरू.]

पहिले आणि सर्वांत प्रभावी कारण उष्णता हे आहे. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की अनेक रासायनिक अभिक्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे, आणि बॅटरीतील नको असलेल्या अभिक्रियाही त्याला अपवाद नाहीत. अ‍ॅपल आपले फोन वापरण्यासाठी भोवतालचे तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस असावे असे सांगते आणि त्याहून अधिक तापमानात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असा इशारा देते. नाशिकची हवा थंड, हा आपल्याला असलेला अभिमान एप्रिल-मे महिन्यांत टिकत नाही; पारा 40 अंशांच्या आसपास जातो आणि ते तापमान सावलीतले असते. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाचा फोन हँडलवर थेट उन्हात असतो, डिस्प्लेचा प्रकाश पूर्ण असतो, नकाशा आणि इंटरनेट अखंड सुरू असते आणि त्याच वेळी दुचाकीच्या सॉकेटवरून चार्जिंगही चालू असते. उन्हाची, प्रोसेसरची आणि चार्जिंगची अशी तिहेरी उष्णता एकाच पातळ सेलमध्ये एकवटते. ज्याची रोजची कमाई त्या फोनवर अवलंबून आहे, त्याला फोन बंद ठेवा असे सांगणे व्यर्थ आहे. पण ऑर्डरची वाट पाहत सावलीत थांबला असताना चार्जिंग करणे आणि चालत्या गाडीवर न करणे, एवढा बदल त्याच्या हातात आहे आणि त्याचा उपयोग होतो.

उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे प्रकरण याहून गंभीर आहे. त्र्यंबकेश्वरला दर्शनासाठी जाणारी कुटुंबे डॅशबोर्डवर फोन किंवा पॉवर बँक ठेवून उतरतात. बंद काचांच्या आत डॅशबोर्डचे तापमान 60 अंशांच्याही वर जाऊ शकते.

दुसरे कारण पूर्ण चार्जचे आहे, आणि त्याविषयी बराच गैरसमज आहे. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनमध्ये वीज भरतच राहते आणि म्हणून बॅटरी फुगते, असे घरोघरी सांगितले जाते. प्रत्यक्षात सुस्थितीतील फोन हे स्वतः थांबवतो. सेल ठरलेल्या व्होल्टेजला, म्हणजे आजच्या बहुतेक फोनमध्ये सुमारे 4.4 व्होल्टला पोहोचला, की आतील नियंत्रक चिप प्रवाह कमी करत नेते आणि शेवटी तोडते. तरीही घरातील वडीलधाऱ्यांची चिंता पूर्णपणे निराधार नाही. भरलेल्या अवस्थेत सेलमधील व्होल्टेज सर्वाधिक असते आणि द्रवाचे विघटनही त्याच अवस्थेत सर्वांत वेगाने होते. त्यामुळे फोन उशीखाली, जाड कव्हरमध्ये आणि शंभर टक्क्यांवर रात्र काढतो, तेव्हा उष्णता आणि उच्च व्होल्टेज हातात हात घालून काम करतात. अनेक नव्या फोनमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय दिलेली असते, ती यासाठीच.

या कारणाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला शहराबाहेर, मळ्यांत दिसते. दिंडोरी-निफाड पट्ट्यात विहिरीवरची मोटार दुरून चालू-बंद करण्यासाठी काही शेतकरी स्टार्टरला जुना मोबाईल जोडतात. रात्री-अपरात्री वीज आली की घरून कॉल करायचा, म्हणजे पेटीपर्यंत अंधारात जावे लागत नाही. सोय मोठी आहे आणि कल्पकताही. मात्र तो फोन महिनोन्‌महिने चार्जरला जोडलेला राहतो, सतत शंभर टक्क्यांवर असतो आणि पत्र्याच्या पेटीत दिवसभर तापतो. बॅटरी फुगण्यास लागणारी प्रत्येक गोष्ट तेथे एकत्र आली आहे. दुकानात पैसे स्वीकारण्यासाठी कायम चार्जिंगवर ठेवलेला फोन आणि कॅमेरा म्हणून खिडकीत लावून ठेवलेला जुना फोन यांची गतही तशीच होते. जेथे शक्य असेल तेथे बॅटरीवर न चालणारे, खास या कामासाठी बनवलेले मोबाईल स्टार्टर वापरणे अधिक सुरक्षित आहे.

याच्या उलट टोकाची चूकही घडते. ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले कित्येक फोन नंतर कपाटात गेले आणि शून्य टक्क्यांवर पडून राहिले. सेल स्वतःहून हळूहळू उतरत राहतो. तो फारच खाली गेला, तर ऋण ध्रुवाचा तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको त्या जागी जमून आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. बाजूला ठेवायचा फोन म्हणूनच निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवावा.

थंडीविषयीही येथे सांगितले पाहिजे, कारण निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली उतरतो. अतिथंड सेल वेगाने चार्ज केला, तर आयन ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातुरूपात साचतात आणि ही हानी भरून निघत नाही. घरात ठेवलेल्या फोनला हा धोका फारसा नाही. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला गेलेल्या माणसाने गारठलेला फोन आधी खिशात उबदार होऊ द्यावा आणि मग चार्जिंगला लावावा.

पावसाळ्यातील दमट हवा बॅटरी फुगवते का, असे इगतपुरीकडील लोक विचारतील. पिशवी अखंड असेल, तर नाही. पण पिशवीला चीर गेली असेल, तर आत शिरलेली ओल इलेक्ट्रोलाइटमधील लिथियमच्या क्षाराशी अभिक्रिया करते आणि हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत घातक वायू तयार होतो. पडलेल्या, वाकलेल्या किंवा दुरुस्तीच्या वेळी पत्तीने खरवडून काढलेल्या बॅटरीत अशी चीर जाऊ शकते. निर्मितीतील दोषही असतातच. 2016 मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट 7 हा फोन आगीच्या घटनांमुळे मागे घ्यावा लागला आणि जानेवारी 2017 मध्ये कंपनीने दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष सापडल्याचे जाहीर केले: एकीत ऋण ध्रुवाचा कोपरा दुमडला होता, दुसरीत वेल्डिंगची टोके बाहेर आली होती. एवढ्या मोठ्या कंपनीच्या नजरेतून असे दोष सुटू शकतात, तर नावगाव नसलेल्या डुप्लिकेट बॅटरीवर किती विश्वास ठेवायचा, हे ग्राहकाने ठरवावे. भारतात मोबाईलच्या बॅटरीला आयएस 16046 या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. बॅटरीवर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा आणि नसेल तर ती घेऊ नये.

[दृश्य: दुरुस्तीचे टेबल. फुगलेली बॅटरी, जवळून.]

बॅटरी फुगल्याचे लक्षात आल्यावर फोन लगेच बंद करावा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नये. डिस्प्ले दाबून खाली बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या दाबाने मधला पडदा फाटून दोन्ही ध्रुव एकमेकांना टेकू शकतात. पिशवीला टाचणीने छिद्र पाडून वायू सोडून देणे आणि तीच बॅटरी चपटी करून पुन्हा बसवणे, हा प्रकार कोणी कितीही आत्मविश्वासाने सुचवला तरी करू देऊ नये. वायू निघून गेला तरी द्रवाची, संरक्षक थराची आणि पडद्याची झालेली हानी तशीच राहते, शिवाय हवेतील ओल आत जाण्यास वाट मिळते. गोडसर, द्रावकासारखा वास येत असेल, तर पिशवी आधीच फाटलेली आहे असे समजावे. असा फोन फरशीवर, कापड, कागद आणि गादीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा आणि बॅटरी बदलण्यासाठी जाणकार कारागिराकडे किंवा अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. सोबत नेताना तो पँटच्या खिशात ठेवू नये आणि दुचाकीच्या डिकीत इतर सामानाखाली दाबू नये.

काढलेल्या बॅटरीचे काय करायचे, हा प्रश्न अजून उरतो, आणि माझ्या मते आपण सर्वाधिक निष्काळजीपणा येथेच करतो. ती घंटागाडीत टाकली जाते. गाडीत कचरा दाबला जातो, पुढे पाथर्डी शिवारातील खत प्रकल्पात यंत्रांखाली येतो, आणि चिरडलेला सेल सुक्या कचऱ्यात ठिणगी टाकू शकतो. ते काम करणाऱ्या माणसांच्या हाताखाली हे घडते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे अधिकृत सेवा केंद्रात ती परत घेण्याविषयी विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ते शक्य नसेल, तर नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. देण्यापूर्वी तिच्या जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, ती इतर बॅटऱ्यांत मिसळू नये आणि ही फुगलेली आहे, असे घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे.