गाठीत बोट जाता कामा नये

(दृश्य: पहाट. माणग्याचं बेट. कोयत्याचे घाव.)

सिंधुदुर्गात वाडीवाडीला माणग्याची बेटं आहेत. माणगा म्हणजे आतून जवळजवळ भरीव बांबू. काटे नाहीत, सरळ वाढतो, जाडीला मनगटाएवढा. शेतात आधाराच्या काठ्या म्हणून तो ट्रक भरभरून घाटावर जातो. आम्हाला त्याचं छप्पर उभारायचं होतं.

आम्ही आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाची चौदा मुलं. कुडाळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पोरं दुपारचा पोषण आहार आंब्याखाली बसून खातात. पाऊस लागला की ताटं वर्गात, दप्तरांच्या मध्ये. त्यांच्यासाठी बारा बाय सोळा फुटांची चारही बाजूंनी मोकळी शेड बांधायची, एवढंच काम. लहान काम आहे, महिन्याभरात उरकू, असं आम्हाला वाटलं होतं. प्रत्यक्षात डिसेंबर ते जून गेला.

पहिलं डिझाइन आम्ही कॉम्प्युटरवर केलं. त्यात प्रत्येक बांबू एकसारखा होता: तीच जाडी, तीच लांबी, वाकवाल तसा वाकणारा. बेटात गेलो आणि कळलं, माणगा बुडाशी दोन इंच असेल तर शेंड्याला बोटाएवढा होतो. एक डावीकडे झुकलेला, दुसऱ्याची पेरं जवळजवळ. ते ड्रॉइंग आम्ही तिथेच बाजूला ठेवलं. तोडलेला प्रत्येक बांबू मोजला, नंबर टाकला आणि मग नव्याने कागद घेतला.

कुठला तोडायचा हे आम्हाला गावातल्या एका काकांनी शिकवलं. मांगर (शेतातली खोपटी) आणि मांडव बांधण्यात त्यांची चाळीसेक वर्षं गेलीत. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी असते, पेरांना खोळ चिकटलेली असते, तो ठेवायचा. तीन-चार वर्षांचा बांबू काळपट हिरवा दिसतो, अंगावर बुरशीचे ठिपके असतात, कोयत्याच्या मुठीने ठोकला तर टणक वाजतो. तो घ्यायचा, आणि जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर कापायचा, म्हणजे बुडख्यात पाणी साचून बेट कुजत नाही.

बांबू हे गवत आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्यात त्याची गणना झाडात होती. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून निघाला २०१७ साली. स्वतःच्या बांधावरचा माणगा विकताना शेतकऱ्याच्या मागचा केवढा ताप कमी झाला, हे काकांच्या तोंडून ऐकताना त्या दुरुस्तीचं मोल समजतं.

(दृश्य: शाळेमागचं अंगण. बांधलेली चौकट.)

ही आमची सरावाची चौकट. डिसेंबरच्या शेवटी, ताज्या तोडलेल्या बांबूची बांधली. सुंभाचे आठ-आठ वेढे, वर घट्ट गाठ. दोघं लोंबकळलो, हलली नाही. फोटो काढले, खूश होऊन परत गेलो.

महिन्याभराने आलो. काकांनी काही न बोलता माझा हात धरला आणि माझं बोट वेढ्याखाली घातलं. आरामात गेलं.

"बोट जाता मा? मगे गाठ खंय रवली?"

सुंभ तुटला नव्हता, गाठही सुटली नव्हती. ओला बांबू वाळताना अंगाने आकसतो. बांबू बारीक झाला आणि वेढा होता तेवढाच राहिला. अख्खी चौकट एका हाताने डुलत होती. त्या दिवशी आम्हाला खूप वाईट वाटलं, पण ती चौकट आम्ही मोडली नाही. पुढे प्रत्येक सांधा बांधण्याआधी तिच्याकडे जाऊन यायचो.

मग घाई सोडली. जानेवारीत तोडलेला बांबू आधी टाकीत घातला. शंभर लिटर पाण्याला तीन किलो बोरॅक्स, दोन किलो बोरिक ॲसिड. बांबूतल्या पिठावर भुंगेरा जगतो. हे द्रावण आत मुरलं की त्याला ते खाता येत नाही. भरीव बांबूत मुरायला वेळ लागतो, म्हणून आठवडाभर बुडवून ठेवला. नंतर सावलीत, उभा करून, मार्चअखेरपर्यंत वाळवला.

पण हे औषध पाण्यात विरघळतं. बांबू सतत भिजला तर ते धुऊन जातं. म्हणजे औषध दिलं तरी पावसापासून त्याला जपावंच लागतं. आम्ही छपराच्याच विचारात होतो. काका मात्र खाली बघत होते.

"गो चेडवा, वयल्यान येता ता पाणी दिसता. खालसून येता ता दिसणा नाय."

म्हणून खाली जांभ्याचे चिरे, दीड फूट उंच. त्यात रोवलेली लोखंडी सळी वर बांबूत शिरते. बांबूचं बूड मातीला कुठेच टेकत नाही. वर छपराची पाख अडीच फूट बाहेर काढली. पागोळ्या चिऱ्यांच्या पलीकडे पडल्या पाहिजेत, हा हिशेब.

(दृश्य: एप्रिल. गिरमिट फिरतंय. जवळून: सांधा.)

मनगटाएवढा एकटा माणगा खांबाचं काम करत नाही. चार एकत्र बांधले. दोन खाली थांबतात, त्यांच्या डोक्यावर तुळई बसते. दोन वर जातात आणि तिला दोन्ही बाजूंनी धरतात. थेट खिळा मारला की बांबू उभा चिरतो, म्हणून आधी गिरमिटाने भोक, मग बोल्ट. माणगा भरीव, त्यामुळे बोल्ट आवळला तरी चेपत नाही. त्यावर सुंभ. एकाने वेढा द्यायचा, दुसऱ्याने पाय लावून ओढायचा. तळहाताची सालं निघाली. प्रत्येक गाठीनंतर बोट घालून बघायचं. गेलं, तर सोडून पुन्हा.

नुसती चौकोनी चौकट वाऱ्यात कलते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरपे ठेपे दिले. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ या गावाने पाहिलंय. वारा छपराला वर उचलतो, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. आमचे वासे तुळईला, तुळई खांबाला आणि खांब चिऱ्यांतल्या सळीला बांधलेले आहेत. वर शाळेच्या जुन्या इमारतीची उतरवून ठेवलेली मंगळुरी कौलं.

(दृश्य: जून. मुसळधार पाऊस. पागोळ्या.)

शाळा उघडली त्या आठवड्यात आम्ही आलो. पागोळ्या चिऱ्यांच्या हातभर पलीकडे पडत होत्या. चोवीस सांध्यांपैकी बावीस घट्ट होते. दोन पुन्हा आवळले.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र झड आत येत होती. दोन खांबांची बुडं ओली झाली होती. आम्ही वर्षभराच्या वाऱ्याचे तक्ते पाहिले होते, तरी पावसातला वारा इथे इतका आडवा येतो हे कागदावरून समजलं नव्हतं. पोरांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. त्यांनी आपल्या पंगती पूर्वेच्या बाजूला सरकवल्या होत्या.

काकांनी माडाची झावळं मागवली. जेवणं आटपली, ताटं धुवायला गेली, आणि त्याच चिऱ्यांवर बसून आम्ही त्या कोपऱ्यासाठी झाप विणायला घेतली.