बुटक्यांच्या यादीतला काठीवाला
(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, पाठभेद म्हणजे एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या पोथ्यांतले शब्दांचे फरक, हे पुण्यात समजावून सांगावं लागत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. एकेका श्लोकासाठी पोथ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबऱ्या लिहिणारा इंग्रज लेखक टॉल्किन त्याच जातकुळीचा. १९२५ मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक होण्याच्या आधी, १९१९-२० मध्ये, तो तिथल्या इंग्रजी कोशासाठी ‘डब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्ती लावत होता. म्हणून त्याच्यावरचे प्रभाव शोधायला कथानकापासून निघालं की घोळ होतो. शब्दापासून निघायचं.

‘द हॉबिट’ (१९३७) मधले तेरा बुटके, म्हणजे इंग्रजीतले ‘ड्वॉर्फ’, घ्या. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिलेल्या पोथीत ‘व्होलुस्पा’ नावाचं काव्य आहे. त्यात मध्येच नुसती नावं येतात : ड्वालिन, बिफुर, बाफुर, बोंबुर, नोरी, थोरिन, फिली, किली... सहस्रनामासारखी यादी, कथा शून्य. बऱ्याच अभ्यासकांना हा भाग प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसवलेला, वाटतो. टॉल्किनने त्यातूनच बारा नावं उचलली. यादीत नसलेला एकटा बालिन. ‘ओकची ढालवाला’ अशा अर्थाचं नाव यादीत एका वेगळ्याच बुटक्याचं आहे, ते त्याने थोरिनचं बिरुद करून टाकलं.

खरी गंमत पुढे आहे. याच यादीत गँडाल्फ आहे. नाव फोडा : पहिला भाग जादूची काठी, दुसरा एल्फ, म्हणजे दंतकथांतली बुटक्यांहून वेगळी जमात. बुटक्यांच्या पंगतीत हा काठीवाला एल्फ काय करतोय? कादंबरीत याचं उत्तर मिळतं : हातात काठी घेतलेला म्हातारा, बुटक्यांबरोबर निघालेला, पण त्यांच्यातला नव्हे. इतकं छान जुळलं की अभ्यासक हुरळतो. तिथेच खर्डे काढून बघायचे. सुरुवातीच्या खर्ड्यात गँडाल्फ हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याचंच होतं, आणि जादूगाराला ब्लाडॉर्थिन म्हटलं होतं. म्हणजे कोडं आधी आणि पात्र नंतर, असं सरळ झालेलं नाही. नाव लिहिता लिहिता हललं.

दुसरी जागा ‘बिओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची. तीनशे वर्षं खजिन्यावर बसलेला ड्रॅगन. कोणीतरी त्याचा पेला चोरतं, तो उठतो आणि मुलूख जाळत सुटतो. हे काव्य एकाच पोथीत उरलं आहे, तीही १७३१ च्या आगीत होरपळलेली. त्यातही चोरीचं पान इतकं खराब की चोर नेमका कोण, याची अक्षरं धड लागत नाहीत. ‘द हॉबिट’चा नायक बिल्बो बॅगिन्स ड्रॅगनच्या गुहेत शिरून उचलतो तो पेलाच, दोन कानांचा. आणि पुढे सरोवरावरचं गाव जळतं. १९३८ मध्ये टॉल्किनने स्वतः लिहिलं की ‘बिओवुल्फ’ आपला मोलाचा स्रोत आहे, पण लिहिताना तो जाणीवपूर्वक समोर नव्हता. चोरी कथेच्या ओघात आली. हे कबूल करायला हवं, नाहीतर आपण लेखकाला टाचणवहीवाला करून सोडतो.

फसगत होते ती साम्याने. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अंगठी दिसली की अंगठीवरच ऑपेरा रचणारा जर्मन संगीतकार वाग्नर! अंगठी तर शाकुंतलातही आहे. नुसती वस्तू जुळून भागत नाही. लेखकाने तो ग्रंथ वाचला होता का, विचित्र तपशील जुळतो का, खर्ड्यांचा क्रम त्याला धरून आहे का, हे तिन्ही बघावं लागतं. वाग्नरच्या बाबतीत पहिली अट तरी पुरी होते. शाकुंतलाच्या बाबतीत कोणी त्या भानगडीत पडतही नाही.

युद्धाचंही तसंच. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं प्रेतांनी भरलेल्या दलदलीचं वर्णन वाचलं की लोक लगेच पहिल्या महायुद्धातली, उत्तर फ्रान्समधली सोमची लढाई म्हणतात. १९१६ मध्ये टॉल्किन तिथे होता, त्यामुळे ते चुकीचं नाही. पण १९६० च्या एका पत्रात त्याने हिशेब मांडला आहे : उत्तर फ्रान्सचं ऋण थोडं, एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम मॉरिस या इंग्रज लेखकाचं जास्त. पुस्तकांची नावंही दिली आहेत, ‘द हाउस ऑफ द वुल्फिंग्ज’ आणि ‘द रूट्स ऑफ द माउंटन्स’. आधी ती उघडा, सोमचे नकाशे मग.