पहिला हात सुकल्याबिगर

नमस्कार. मी माइकपासून जरा लांबच उभा राहतो. हायस्कुलात चौतीस वर्षं चित्रकला शिकवली, आवाज शेवटच्या बाकापर्यंत आपोआप जातो. तिथे बसलेल्यांनी डुलकीचा बेत केला असेल तर माफ करा.

सुरुवात निमंत्रणपत्रिकेपासून करतो. आहे ना सगळ्यांकडे? तिच्यावर चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र छापलंय. छपाई झकास आहे. फक्त चित्र आडवं छापलंय. मूळ चित्र उभं आहे. पत्रिका आली तशी मी आपल्या चिटणीसांना फोन लावला. ते म्हणाले, "सर, पत्रिकेत जागाच आडवी होती. आणि तसंही अमूर्तच आहे, काय फरक पडतो?" मी फोन ठेवला, चहा घेतला आणि मग चिडलो. छापखानेवाल्याला मात्र मी दोष देत नाही. गायतोंडे बहुतेक मोठ्या चित्रांवर सही आणि साल कॅनव्हासच्या पाठीमागे घालायचे. पुढून वर कुठलं नि खाली कुठलं हे सांगणारी खूणच नाही. बिचारा काय करणार! तर काय फरक पडतो, ते शेवटी सांगतो. विसरलो तर आठवण करा.

पत्रिकेवर विषय दिलाय 'गायतोंडे : जीवन आणि चित्रप्रवास'. जीवन लवकर उरकतो, कारण त्यांनी स्वतःच ते फारसं पसरू दिलं नाही. माणूस मूळ गोव्याचा, जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४. बालपण काही गोव्यात, काही मुंबईत गिरगावातल्या चाळीत. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. पुढे सूझा, रझा, हुसेन, आरा या नव्या वळणाच्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये बोलावणं आलं. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या नावाची संस्था होती. एका खोलीत चित्रकार, शेजारी नाटकवाले, पलीकडे सतार, असा तो कारखाना. तिथे गायतोंड्यांचा स्टुडिओ होता. १९५७ मध्ये टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांचं पारितोषिक, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री. १९७२ च्या सुमारास मुंबई सोडली आणि दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत राहिले. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. लग्न केलं नाही. १० ऑगस्ट २००१ ला गेले. झालं जीवन.

आता माझी तक्रार. गायतोंड्यांवर कोणी बोलायला उभं राहिलं की ताबडतोब एक साधू समोर आणून बसवतात. मितभाषी, एकांतवासी, झेनचा अभ्यासक, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराजांकडे ओढा असलेला, वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करणारा. यातलं खोटं काहीच नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस डोळे मिटून बसायचा आणि समोर कॅनव्हासवर आपोआप प्रकाश उमटायचा. आणि साधू नसेल तर कोटी. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, तेव्हा ज्यांनी आयुष्यात 'गायतोंडे' हे नाव ऐकलं नव्हतं अशा तिघांनी मला फोन केले. २०२५ मध्ये आकडा ६७ कोटींवर गेला. आमचे जावई म्हणाले, "पप्पा, तुम्ही पण एखादं मारून ठेवा की असं." मी म्हटलं, रोलर आणून द्या, मारतो.

रोलर हे मी गमतीने म्हटलं नव्हतं. गायतोंडे खरोखरच रोलर वापरायचे. साधू आणि कोटी यांच्या गर्दीत तो रोलर हरवला आहे, आणि मला आज त्या रोलरवर बोलायचंय. त्यासाठी आमच्या घराच्या रंगकामाची गोष्ट सांगावी लागेल. चिटणीस घड्याळ बघतायत. बघू द्या.

आमचं घर आजोबांच्या काळातलं, मातीच्या भिंतींचं. काही वर्षांपूर्वी गणपतीआधी रंग द्यायचा ठरला. रंगारी आले, वयाने साठीचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. बैठकीच्या खोलीचा जुना रंग ते लोखंडी पत्र्याने खरवडायला लागले. मी पेपर वाचत बसलो होतो. सहज वर पाहिलं आणि पेपर हातातून गळायचा राहिला. वरचा गुलाबी डिस्टेंपर निघाला होता, त्याखालून फिकट हिरवा डोकावत होता. त्याच्याखाली नीळ घातलेला चुना. आणि कोपऱ्यात, जिथे पावसाची ओल चढते, तिथे गेरूसारखं काहीतरी, बहुतेक आजोबांच्या वेळचं. पण कुठलाच रंग पूर्ण नव्हता. गुलाबीच्या कडेतून निळा झिरपत होता, हिरव्यावर चुन्याची पांढरी भुकटी तरंगत होती. म्हणजे सगळं एकाच भिंतीवर, पण काही जवळ, काही दूर. मी ओरडलो, "मामा, थांबा!"

मामांना वाटलं साप निघाला. शिडीवरून उतरले. म्हणाले, "काय झालं सर?" मी म्हटलं, "एवढा कोपरा असाच ठेवा." त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे आमच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. पुढचा संवाद इथे सांगण्यासारखा नाही. तडजोड अशी झाली की कोपरा तसाच राहील, पण त्याच्यापुढे कपाट येईल. आजही आहे. कोणी पाहुणा चित्रकलेत रस असणारा निघाला की मी कपाट सरकवतो, आणि त्या आतून विचारतात, "पुन्हा सुरू झालं का?"

मुद्दा पुढे आहे. लांबी भरून झाली, मामांनी पहिला हात मारला आणि तंबाखू मळत ओट्यावर बसले. तास झाला, दोन तास झाले. मी मास्तर माणूस, मोकळं बसलेलं मूल बघवत नाही. म्हटलं, "मामा, दुसरा हात घ्या की." ते म्हणाले, "सर, पहिला हात सुकल्याबिगर दुसरा मारला तर खालचा उचलतो."

बघा, आपल्या भाषेत रंगाच्या थराला 'हात' म्हणतात. दोन हात मारले, तीन हात दिले. थर म्हटलं की जाडी डोळ्यांपुढे येते, हात म्हटलं की माणूस. आणि 'खालचा उचलतो' हा रंगाऱ्याच्या धंद्यातला दोष आहे. उचलला की काम बिघडलं, मजुरी कापली. वासुदेव गायतोंडे यांनी तीसेक वर्षं हाच दोष मुद्दाम करून दाखवला.

म्हणजे काय करायचे? तैलरंगाचा एक पातळ हात रोलरने किंवा सुरीने कॅनव्हासवर पसरायचा. ओला असताना त्यातला काही भाग सुरीने खरवडून काढायचा, कागद दाबून टिपून उचलायचा. वर्तमानपत्राचे, मासिकाचे फाडलेले तुकडे रंगात बुडवून कॅनव्हासवर दाबायचे आणि काढून घ्यायचे. मागे उरतो तो ठसा, कशाचा ते सांगता येणार नाही असा. लिपी वाटते, पण वाचता येत नाही. मग सुकू द्यायचं. तैलरंग डिस्टेंपरसारखा दोन तासांत सुकत नाही, दिवस जातात. मग वर दुसरा हात, इतका पातळ की खालचा त्यातून दिसला पाहिजे. पुन्हा उचलायचं. त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की उजेड आतून येतो असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण तो उजेड खालच्या हाताचा असतो. वरच्याने त्याला पुरता झाकलेलं नसतं, एवढंच.

आणि तो वर्षाला पाच-सहा चित्रांचा हिशोब! त्यांचं मौन, तासन्‌तास नुसतं बसणं, त्यात ध्यान असेल, मी नाही कशाला म्हणू. पण त्यातला बराचसा वेळ हा ओट्यावर बसलेल्या मामांचा वेळ आहे, असं माझं मत आहे. आपण मामांना आळशी म्हणतो आणि गायतोंड्यांना ऋषी. दोघेही सुकायची वाट बघतायत. एका समीक्षक मित्राला हे ऐकवलं तर तो दोन महिने बोलला नाही. त्यालाही मी ऋषी म्हणायला तयार आहे.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. यात चहाही धरलाय का? धरलाय. बरं.

मग चित्रप्रवास. यासाठी तुम्ही आला होतात, तर पळत पळत सांगतो. पहिला टप्पा, चाळीसच्या दशकाचा शेवट ते पन्नासचं दशक. माणसं आहेत, बायका आहेत, लघुचित्रांसारखे सपाट रंग आणि बारीक रेषा. जे. जे.तलं भारतीय शैलीचं शिक्षण इथे स्पष्ट दिसतं. मग पॉल क्ले हा स्विस-जर्मन चित्रकार त्यांच्या नजरेत भरतो आणि आकृत्या विरघळायला लागतात. पन्नासचं दशक संपता संपता माणूस चित्रातून उठून गेलेला असतो. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 'अमूर्त' हा शब्द गायतोंड्यांना स्वतःबद्दल पसंत नव्हता. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे. फरक सोपा आहे. इंटरमिजिएटच्या परीक्षेला तुम्ही माठ काढलात आणि पुसत पुसत त्याचा नुसता गोल ठेवलात, तर ते अमूर्तीकरण. गायतोंड्यांकडे पुसायला माठच नव्हता. म्हणून 'हे कशाचं चित्र आहे' हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त पत्ता चुकलेला आहे.

दुसरा टप्पा, साठचं दशक. रोलर हाती येतो. करडा, पांढरा, काळपट हिरवा. कॅनव्हास बहुधा आडवे, मध्ये एखादी आडवी पट्टी किंवा तरंगणारे पुंजके. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं १९६२ चं चित्र आहे, ते याच काळातलं, म्हणजे शिष्यवृत्ती मिळायच्या आधीचं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'अमेरिकेत जाऊन रोथको (तिथला अमूर्त चित्रकार) पाहिला आणि तसं करायला लागले' असं म्हणणारे अजून भेटतात.

तिसरा टप्पा, साठचं दशक संपताना सुरू होतो तो. कॅनव्हास उभा राहतो. लाल, केशरी, पिवळा, खोल हिरवा. वर हलके तुकडे, मध्ये कुठेतरी जड गाठ, खाली पुन्हा मोकळं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते बघायला मी गेलो नाही, निवृत्तिवेतनात बसत नव्हतं. पण दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात दोन दिवस काढलेत. तिथे चित्राच्या बाजूला भिंतीला जवळजवळ गाल टेकवून तिरकं बघितलं की पृष्ठभाग दिसतो, कुठे चकचकीत, कुठे मॅट, कुठे सुरीचा ओरखडा. पहारेकऱ्याने दोनदा मागे ओढलं.

१९८४ मध्ये अपघात झाला, मान दुखावली. मोठे कॅनव्हास काही वर्षं बंद. तेव्हा कागदावर शाईने लहान रेखाटनं केली, अक्षरांच्या आसपास फिरणारी. मग पुन्हा कॅनव्हास, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेही थांबलं. कोणी विचारलं तर म्हणायचे की चित्रं अजून करतो, मनात करतो. रंग कॅनव्हासवर लावण्यात घालवायला आता ताकद नाही. हे वाक्य सगळे साधूचं म्हणून सांगतात. मला त्यात शिडी चढू न शकणारा रंगारी ऐकू येतो.

'दोन मिनिटे'. हो, हो. ते आडवं-उभं राहिलंच.

आडवा कॅनव्हास म्हटला की आपण सगळे कोकणात जातो. मध्ये एक पट्टी दिसली की क्षितिज, वर आभाळ, खाली समुद्र. डोळ्याला सवयच आहे. साठच्या दशकातल्या चित्रांत लोक समुद्र बघायचे तो याच सवयीने. उभा कॅनव्हास केला की समुद्राला पसरायला जागा उरत नाही. साधारण आपल्या उंचीचं, आपल्या रुंदीपेक्षा थोडं जास्त असं काहीतरी समोर येतं. दारात कोणी उभं असावं तसं. बघायला दूर जाता येत नाही, त्याच्यासमोर उभंच राहावं लागतं. आता आपल्या पत्रिकेने काय केलं, तर त्या उभ्याला पुन्हा आडवं निजवलं आणि चिटणीससाहेबांनी मघाशी दाराशी मला विचारलं, "सर, हा दापोलीचा किनारा का?"

पत्रिका काढा जरा. फिरवा, उभी धरा. हां. हाताच्या अंतरावर. पट्टी गेली, समुद्र गेला. ती मधली गाठ दिसते? तिच्या डाव्या कडेला, वरच्या पिवळ्याखाली तो काळपट हात दिसतो का? छपाईत थोडा मेलाय, पण आहे.

तिसऱ्या रांगेतले काका, तुम्ही उलटी धरलीत. असू द्या, क्षणभर तशीच राहू द्या. मला बघायचंय.